स्वयंसेवी गटाकडून मांजर दत्तक घेताना: फॉर्म, जाळी, करार आणि पहिले पंधरा दिवस

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात सातव्या मजल्यावर भाड्याचा दोन बेडरूमचा फ्लॅट. घरात नवरा-बायको, आठ वर्षांची मुलगी आणि सासूबाई. मांजरं वाचवणाऱ्या स्वयंसेवकांच्या गटाकडे दोन महिन्यांच्या पिल्लासाठी विचारणा केली, तर त्यांनी लांबलचक फॉर्म भरून घेतला, खिडक्यांचे व्हिडिओ मागितले, घरमालकाची संमती मागितली, सासूबाईंशी फोनवर बोलायचं म्हणाले, जाळी बसल्याशिवाय पिल्लू मिळणार नाही असं सांगितलं आणि वर दोन पिल्लं घ्या असंही सुचवलं. रस्त्यावर जन्मलेल्या मांजरासाठी एवढं सगळं कशाला? आणि मांजर घरी आल्यावर नक्की काय करायचं?

आधी हे गट कसे चालतात ते पाहू, म्हणजे बाकीच्या गोष्टी आपोआप कळतील. मुंबई, ठाणे, पुणे इथल्या बहुतेक स्वयंसेवी गटांकडे स्वतःची जागा नसते. वाचवलेली मांजरं कुणाच्या तरी घरी, एखाद्या बाथरूममध्ये किंवा जादा खोलीत, फॉस्टर म्हणून राहतात. डॉक्टरांचं बिल वर्गणीतून नाहीतर स्वतःच्या पगारातून भरलं जातं. त्यामुळे दिलेलं मांजर महिन्याभराने परत आलं, तर ते ठेवायला जागाच नसते, कारण त्याच्या जागी तोवर दुसरं आलेलं असतं. दत्तक प्रक्रियेतला जवळजवळ प्रत्येक प्रश्न कुठल्या ना कुठल्या फसलेल्या दत्तकविधानातून आलेला आहे. मांजर खिडकीतून पडलं, घरमालकाने बाहेर काढायला लावलं, सासऱ्यांनी गुपचूप बाजारात सोडून दिलं, सून गरोदर राहिल्यावर परत केलं, न्यूटर (नसबंदीची शस्त्रक्रिया) न केलेल्या मांजरीला पिल्लं झाली. हे प्रकार वारंवार घडतात, म्हणून ते आधीच विचारलं जातं.

फॉर्म भरताना खरं लिहा. भाड्याचं घर असेल तर तसं सांगा. भाडेकरूंना मांजर मिळत नाही असा नियम कुठल्याही समंजस गटात नसतो. फक्त घरमालकाची संमती लेखी घ्या, व्हॉट्सअ‍ॅपचा संदेशही चालतो. सोसायटीची बाब वेगळी. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली काढलेल्या परिपत्रकात स्पष्ट म्हटलं आहे की गृहनिर्माण संस्थेला सर्वसाधारण सभेत ठराव करूनही सभासदांच्या पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. पण भाडेकरार हा तुमच्या आणि मालकाच्या दोघांमधला व्यवहार आहे. करारात पाळीव प्राणी ठेवू नयेत असं कलम असेल, तर ते परिपत्रक तुमच्या कामाला येईल असं धरून चालू नका.

सासूबाईंशी बोलणं मागितलं याचं वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही दोघं दिवसभर कामावर आणि मुलगी शाळेत, म्हणजे मांजर सगळ्यात जास्त वेळ त्यांच्यासोबतच असणार. त्यांना किळस आहे का, देवघरात किंवा ओट्यावर मांजर चढलेलं चालेल का, घरात मांसाहार होतो का, हे त्यांच्याच तोंडून ऐकलेलं बरं. शाकाहारी घरात मांजर नांदू शकतं, पण मांजराला शाकाहारी करता येत नाही. त्याचं शरीर टॉरिन हे पोषकद्रव्य पुरेसं तयार करू शकत नाही, आणि ते मांसातूनच मिळतं. ते कमी पडलं तर दृष्टी जाते आणि हृदयाचे स्नायू दुबळे होतात. घरात चिकन शिजवायचं नसेल तर चांगल्या प्रतीचं तयार कॅट फूड द्या, त्यात टॉरिन घातलेलं असतं. दूध-पोळी आणि दूध-भातावर वाढवायचं ठरवलं असेल, तर मात्र दत्तक घेऊ नका. मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचतही नाही, जुलाब होतात.

आता जाळीचं. एवढ्या एका मुद्द्यावर कुणाशीही तडजोड करू नये. मांजर उंचावरून पडलं तरी चार पायांवर उतरतं आणि त्याला काही होत नाही, हा समज फार जुना आहे. न्यूयॉर्कच्या अ‍ॅनिमल मेडिकल सेंटरमधल्या डॉक्टरांनी १९८७ साली उंच इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांची नोंद प्रसिद्ध केली, त्यात सुमारे ९० टक्के वाचली. या आकड्याचा आधार घेऊन लोक निर्धास्त होतात. पण जी जागीच मेली ती दवाखान्यात आणलीच गेली नव्हती, आणि जी वाचली त्यांच्यातल्या अनेकांना छातीला मार, फाटलेली टाळू, मोडलेले पाय असं सगळं झालेलं होतं. मांजर कबुतरामागे, पालीमागे झेप घेतं. खाली सात मजले आहेत याचा हिशोब त्या क्षणी ते करत नाही.

तुमच्या घरात फटी कुठे असतील ते खोलीनिहाय बघा. सरकत्या काचेच्या खिडकीचा एक भाग कायम उघडाच राहतो. बाहेर लोखंडी ग्रिल असलं तरी गजांमधलं अंतर मोजा. मांजराचं डोकं जिथून जातं तिथून बाकीचं अंग जातं, आणि दोन महिन्यांच्या पिल्लाचं डोकं दोन इंचांच्या फटीतून आरामात जातं. डासांची जाळी ही जाळी धरू नका. फायबरची जाळी नखांनी फाटते, वेलक्रोवर लावलेली चौकट धक्क्याने सुटते आणि सरकती चौकट मांजर पंज्याने ढकलून उघडतं. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी त्यापेक्षा बरी, पण ती उन्हाने दोन-तीन वर्षांत ठिसूळ होते आणि काही मांजरं ती दातांनी तोडतात. जाड एचडीपीईची (कडक प्लास्टिकची) जाळी घ्या, नाहीतर ग्रिलला आतून एक इंच चौकटीची वेल्डमेश (वेल्ड केलेली तारेची जाळी) बांधून घ्या. भाड्याच्या घरात भिंतीला भोकं पाडायला मालक नको म्हणत असेल, तर ग्रिललाच वेल्डमेश तारेने किंवा केबल टायने बांधता येते. उन्हात टिकणारे काळे टाय घ्या, पांढरे लवकर तुटतात.

जाळी बसवणारा माणूस आला की तो सहसा फूट-दीड फुटावर एक हूक मारतो. कबुतर अडवायला ते पुरतं. मांजरासाठी हूक सहा ते आठ इंचांवर असायला हवेत आणि जाळी ताणलेली हवी, कारण सैल जाळीच्या खालच्या कडेला फुगवटा येतो आणि पिल्लू नेमकं तिथूनच सरपटतं. काम झाल्यावर चारही कोपऱ्यांत मूठ घालून बघा. मूठ पलीकडे गेली तर ती जागा परत बांधून घ्या. हॉल आणि बेडरूम सगळेच करून घेतात. राहून जातात त्या जागा म्हणजे बाथरूमच्या काचेच्या पट्ट्यांची खिडकी, एक्झॉस्ट फॅनची पोकळी, एसीच्या पाइपचं भोक आणि ड्राय बाल्कनी. होम चेकचा, म्हणजे गटाला घर दाखवण्याचा, व्हिडिओ करताना याच जागा दाखवा, म्हणजे गटाला पुन्हा विचारावं लागणार नाही. दर पावसाळ्याआधी जाळी हाताने ओढून तपासायची सवय ठेवा.

मांजर निवडण्याबद्दल. बहुतेक लोक फोटो पाहून निवडतात, आणि फोटोत सगळ्यात लहान पिल्लू सगळ्यात गोंडस दिसतं. माझा सल्ला उलटा आहे. फोटो बाजूला ठेवा आणि ज्या माणसाच्या घरी ते मांजर राहतंय, त्या फॉस्टरशी अर्धा तास बोला. मिक्सर लावला किंवा कुकरची शिट्टी झाली की ते कुठे पळतं? परकं माणूस आलं की किती वेळाने बाहेर येतं? उचललं तर शांत राहतं की ओरबाडतं? लिटर (शी-शूच्या ट्रेमध्ये घालतात ती माती किंवा भुसा) कोणतं वापरलंय, ट्रेच्या बाहेर कधी केलंय का? खाणं कोणत्या कंपनीचं, किती वेळा, किती ग्रॅम? लहान मुलांमध्ये, कुत्र्यासोबत राहिलंय का? आजवर कोणती औषधं झाली आणि गोळी कशी देता? ज्या गटाला या प्रश्नांची उत्तरं देता येतात, त्याने मांजर खरंच सांभाळलेलं आहे.

तुमच्या घराची घडी पाहता दीड-दोन वर्षांचं, न्यूटर झालेलं, माणसाळलेलं मांजर सगळ्यात योग्य ठरेल असं मला वाटतं. त्याचा स्वभाव कळलेला असतो, लसी झालेल्या असतात, ते पडदे चढून जात नाही आणि रात्री दोन वाजता पायाची बोटं चावत नाही. आठ वर्षांच्या मुलीलाही ते जास्त लाभेल. अशा मोठ्या मांजरांना कुणी विचारत नाही, तसंच काळ्यांना आणि एका डोळ्याच्यांनाही. लहानपणीच्या कॅट फ्लूमध्ये (मांजरांचा सर्दीसारखा विषाणूजन्य आजार) एक डोळा गेलेलं मांजर पुढे अगदी निरोगी जगतं, त्याला उड्या मारायलाही अडचण येत नाही. काळ्या मांजराबद्दलचा अपशकुनाचा समज घरात कुणाला असेल तर तो आधीच बोलून घ्या, आणि नसेल तर काळं मांजर अवश्य बघा.

पिल्लूच हवं असेल तर दोन पिल्लांचा आग्रह का होतो ते ऐका. पिल्लू चावायचं किती आणि थांबायचं कुठे, हे दुसऱ्या पिल्लाशी मस्ती करताना शिकतं. एकटं वाढलेलं पिल्लू ते तुमच्या हातांवर शिकतं. दिवसाचे आठ तास घर सुनं असेल तर हा आग्रह रास्त आहे. तुमच्या घरी सासूबाई असतात, त्यामुळे एक पिल्लूही निभावेल, पण मग रोज दोनदा पंधरा-वीस मिनिटं काठीला बांधलेल्या पिसाने त्याला दमवायचं काम कुणाचं, हे ठरवून ठेवा. हाताने खेळवू नका.

पिल्लाचं वय स्वतः तपासा. आठ आठवड्यांच्या आत आईपासून वेगळं केलेलं पिल्लू घेऊ नये. दहा-बारा आठवडे झालेलं असेल तर उत्तम. अगदी लहानपणी सगळ्या पिल्लांचे डोळे निळे असतात आणि साधारण सहाव्या-सातव्या आठवड्यापासून खरा रंग दिसू लागतो. डोळे अजून निळसर असतील आणि "दोन महिन्यांचं आहे" असं सांगितलं जात असेल, तर शंका घ्या. वजन अंदाजे आठवड्याला शंभर ग्रॅमने वाढतं, म्हणजे आठ आठवड्यांना पाऊण किलोच्या आसपास. अनाथ सापडलेली पिल्लं हा अपवाद, पण तीसुद्धा स्वतः खायला लागेपर्यंत फॉस्टरकडेच राहिलेली बरी.

भेटीला जाल तेव्हा काय पाहायचं? डोळे स्वच्छ, नाकातून स्राव नाही, हिरड्या गुलाबी. कानात कॉफीच्या चोथ्यासारखी काळी घाण असेल तर कानातले माइट्स (बारीक किडे) आहेत. बरे होतात, पण उपचार चालू आहे का ते विचारा. पोट नगाऱ्यासारखं आणि पाठ हडकुळी असेल तर जंत. शेपटीखाली चिकट असेल तर जुलाब. गोल, खवले असलेले टकलाचे चट्टे असतील तर गजकर्ण. हा माणसांना, विशेषतः मुलांना, लागतो आणि मांजराचा बरा व्हायला दीड-दोन महिने जातात. गजकर्ण असलेलं पिल्लू नाकारा असं मी म्हणणार नाही, पण उपचार पूर्ण होईपर्यंत फॉस्टरकडेच राहू दे असं सांगण्यात काही चूक नाही.

कागदपत्रांत लसीचं कार्ड हवं. त्यावर कुपीचं स्टिकर, तारीख आणि डॉक्टरांची सही असते. "लस दिली आहे" हे तोंडी उत्तर पुरेसं नाही. ट्रायकॅट म्हणतात ती लस तीन आजारांवर असते: पॅनल्यूकोपेनिया (मांजरांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) आणि कॅट फ्लूचे दोन विषाणू. ती दीड-दोन महिन्यांच्या वयापासून सुरू करून, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, पिल्लू चार महिन्यांचं होईपर्यंत देतात. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर, पुढे दरवर्षी. जंताचं औषध पिल्लांना दर दोन आठवड्यांनी, तीन महिन्यांनंतर महिन्यातून एकदा, सहा महिन्यांनंतर साधारण तिमाहीला, आणि ते नेहमी वजनावरून ठरतं. मोठं मांजर घेत असाल तर एफआयव्ही आणि एफईएलव्ही (मांजरांची प्रतिकारशक्ती घटवणारे, एका मांजराकडून दुसऱ्याला लागणारे दोन विषाणू) यांची तपासणी झाली आहे का ते विचारा, विशेषतः घरात आधीचं मांजर असेल तर.

फॉर्ममध्ये "गेल्या वर्षभरात घरात एखादं मांजर किंवा पिल्लू आजाराने गेलं का" असा प्रश्न असेल, तर तो पॅनल्यूकोपेनियासाठी आहे. हा विषाणू फरशीच्या सांध्यांत, चटईत, सोफ्यात वर्षभरसुद्धा टिकतो आणि लस न झालेलं पिल्लू त्याने दोन-तीन दिवसांत दगावतं. साध्या फ्लोअर क्लीनरने तो मरत नाही. एक लिटर पाण्यात साधारण ३० मिली घरगुती ब्लीच घालून जागा दहा मिनिटं ओली ठेवावी आणि मग स्वच्छ पाण्याने पुसावी. ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. अशा घरात पूर्ण लसीकरण झालेलं मोठं मांजरच आणावं.

करारात साधारणपणे चार गोष्टी असतात: ठरल्या वयात न्यूटर करणं, मांजर घराबाहेर मोकळं न सोडणं, काही काळ फोटो पाठवणं, आणि सांभाळणं अशक्य झालं तर गटालाच परत देणं, तिसऱ्या कुणाला परस्पर न देणं. शेवटचं कलम सगळ्यात महत्त्वाचं, आणि ते तुमच्याही फायद्याचं आहे. मांजर रस्त्यावर किंवा मासळी बाजारात सोडणं हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानुसार गुन्हा ठरू शकतो, कारण कलम ११ मध्ये प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत टाकून देणंही येतं. घरात वाढलेलं मांजर बाहेर शिकार करून जगेल ही कल्पना चुकीची आहे. त्या भागातली मांजरं त्याला खाण्याजवळ फिरकूही देत नाहीत.

न्यूटर करण्याबद्दल घरात चर्चा होणारच. "एकदा पिल्लं होऊ द्यावीत" याला वैद्यकीय आधार नाही. मांजरी चौथ्या-पाचव्या महिन्यातच माजावर येऊ शकते, गर्भ साधारण ६३ ते ६५ दिवसांचा, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. सहा महिन्यांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर स्तनाच्या कर्करोगाचा धोका सुमारे ९० टक्क्यांनी कमी होतो. बोक्यांचं भिंतीवर फवारणं, रात्रीचं ओरडणं आणि मारामारी बहुतेक वेळा थांबते, पण ती सवय जडण्याआधी केलं तर. शस्त्रक्रियेआधी उपाशी किती तास ठेवायचं ते डॉक्टरांनाच विचारा. लहान पिल्लांना मोठ्यांइतकं उपाशी ठेवलं तर रक्तातली साखर उतरते. नंतर मांजरीच्या गळ्यातला कोन (टाके चाटू नयेत म्हणून घालतात ती प्लास्टिकची कॉलर) दहा-बारा दिवस काढायचा नाही, कितीही केविलवाणं तोंड केलं तरी. टाके चाटून उघडणं हीच सगळ्यात जास्त होणारी गडबड आहे.

पैशांचं थोडक्यात. चांगले गट मांजर विकत नाहीत, पण झालेल्या लसींचा किंवा न्यूटरचा खर्च मागतात, किंवा न्यूटरसाठी अनामत घेऊन शस्त्रक्रियेनंतर परत देतात. यात गैर काही नाही, पावती मागा. सावध कुठे व्हायचं? मांजर प्रत्यक्ष न दाखवता "पर्शियन पिल्लू फुकट, फक्त ट्रान्सपोर्टचे पैसे आधी पाठवा" म्हणणारा फसवणूक करतोय. महिन्याभराचं पिल्लू स्टेशनवर हातात देऊन जाणारा आणि एकही प्रश्न न विचारणारा माणूस मांजराचं भलं पाहत नाही. पुढचा खर्च काढायचा असेल तर असा हिशोब करा: चार किलोच्या मांजराला रोज ५० ते ६० ग्रॅम कोरडं खाणं, म्हणजे महिन्याला पावणेदोन किलोच्या आसपास, आणि बेंटोनाइट (ओलं झालं की गोळा होणाऱ्या मातीचं) लिटर आठ ते दहा किलो. शिवाय आजारपणासाठी थोडी रक्कम बाजूला हवी.

आणायला जाताना बंद होणारा कडक कॅरिअर न्या. कापडी पिशवीत, पुठ्ठ्याच्या खोक्यात किंवा मांडीवर घेऊन रिक्षातून मांजर आणू नका. हॉर्नने दचकलेलं मांजर हातातून सुटलं की घोडबंदर रोडवर ते सापडणार नाही. फॉस्टरकडून त्याचं वापरलेलं फडकं आणि मूठभर वापरलेलं लिटर घेऊन या. फडकं त्याच्या खोक्यात आणि लिटर नव्या ट्रेमध्ये घातलं की त्याला स्वतःचा वास येतो आणि जागा शोधावी लागत नाही.

पहिले काही दिवस त्याला एकाच खोलीत ठेवा. अख्खा फ्लॅट एकदम मोकळा दिला तर ते सोफ्याच्या आतल्या पोकळीत, फ्रिजच्या मागे, बेडच्या स्टोरेजमध्ये शिरतं आणि मग दोन दिवस कुणालाच सापडत नाही. खोलीत एका कोपऱ्यात लिटर ट्रे, समोरच्या कोपऱ्यात खाणं-पाणी, आणि आडवं ठेवलेलं एक खोकं लपायला. ट्रेमध्ये लिटर दोन-अडीच इंच जाड हवं. तीन महिन्यांखालचं पिल्लू लिटर चाखून बघतं, म्हणून त्याला गोळा होणारं बेंटोनाइट देऊ नका. लाकडी पेलेट्स वापरा. फॉस्टरकडचंच खाणं किमान आठवडाभर तेच ठेवा, मग थोडं थोडं नवं मिसळत बदला. अचानक बदललं की जुलाब होतात आणि लोकांना वाटतं मांजर आजारीच दिलं. आंघोळ घालू नका. पाहुणे, शेजारची मुलं, सगळ्यांना पुढच्या आठवड्यात या म्हणावं. मुलीला खोलीत जमिनीवर बसून मोठ्याने पुस्तक वाचायला सांगा. मांजराला आवाजाची ओळख होते आणि तिच्याही हाताला काम राहतं.

लपणं, फिस्कारणं, पहिल्या रात्री न खाणं हे ठीक आहे. पण मोठ्या मांजराने पूर्ण दिवस काहीच खाल्लं नाही तर गटाला फोन करा आणि दुसरा दिवसही तसाच जात असेल तर डॉक्टरांकडे न्या, कारण उपाशी मांजराच्या, विशेषतः जाड मांजराच्या, यकृतात चरबी साचते आणि ते जिवावर बेततं. पिल्लाच्या बाबतीत बारा तासही थांबू नका. बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतोय, कुंथतोय आणि लघवी येत नाहीये, तर ती बद्धकोष्ठता समजून तेल पाजत बसू नका. मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो आणि त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठावा लागतो.

घरातल्या काही वस्तू आजच हलवा. फिनेल पहिलं. त्यातली फेनॉल जातीची द्रव्यं मांजराच्या यकृताला निकामी करता येत नाहीत. पुसलेल्या फरशीवरून चाललेलं मांजर पंजे चाटतं आणि विष पोटात जातं. सौम्य साबणाच्या पाण्याने पुसा. कपाटातल्या डांबरगोळ्या, कापूर, उंदरांचं औषध यांना मांजर पोचता कामा नये. ताप आला म्हणून पॅरासिटामॉलचा तुकडाही द्यायचा नाही. एका गोळीने मांजर मरतं. कुत्र्यांच्या पिसवांचं औषध मांजराला लावू नका, त्यात बहुधा परमेथ्रिन असतं आणि त्याने मांजराला झटके येतात. पुष्पगुच्छातली लिली घरात नको, तिच्या परागांनी आणि फुलदाणीतल्या पाण्यानेही मूत्रपिंडं बंद पडतात. सुई-दोरा, गजऱ्याचा दोरा, भाजीच्या जुडीचे रबर, मांजा, हे सगळं डब्यात. तोंडातून किंवा शेपटीखालून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, आतलं आतडं कापलं जातं, सरळ डॉक्टरांकडे.

घरात कुणी गरोदर राहिलं तर मांजर परत करायची घाई करू नका. टॉक्सोप्लाझ्माची (मांजराच्या शीतून पसरणारा, गर्भाला अपाय करू शकणारा जंतू) भीती खरी आहे पण आटोक्यातली आहे. मांजर हे जंतू सहसा आयुष्यात एकदाच, एक ते तीन आठवडे शीतून टाकतं, आणि पडल्यावर ते संसर्ग करण्याजोगे व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून ट्रे रोजच्या रोज साफ करायचा आणि ते काम गरोदर बाईने न करता दुसऱ्या कुणीतरी करायचं. कच्चं मांस आणि न धुतलेली भाजी यांच्यापासूनही हा संसर्ग होतो, तिकडे दुर्लक्ष करू नका.

ओरबाडलं किंवा चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रेबीजची लस घ्यायची की नाही ते त्यांना ठरवू द्या. सरकारी रुग्णालयांत ती मोफत मिळते. पिल्लाची स्वतःची रेबीजची लस अजून व्हायची असेल तर हे अधिकच काटेकोरपणे पाळा.

घरात आधीच मांजर असेल त्यांच्यासाठी: नवं मांजर चौदा दिवस वेगळ्या खोलीत, भांडी आणि ट्रे वेगळे. त्या काळात दोघांची फडकी अदलाबदल करा, मग बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांना एकाच वेळी खायला द्या, मग दाराच्या फटीतून नजरानजर, आणि सगळ्यात शेवटी एकत्र. फिस्कारणं चालेल, अंगावर धावून जाणं दिसलं की एक पायरी मागे या. ट्रे मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त ठेवा.

आणि मांजर निसटलंच, तर पहिल्या तासात गटाला कळवा. संकोचाने लपवू नका, पकडायचा पिंजरा आणि सवयीची माणसं त्यांच्याकडेच असतात. घरात राहिलेलं मांजर सहसा लांब जात नाही. आधी स्वतःचीच इमारत शोधा: प्रत्येक मजल्याचा जिना, मीटरची खोली, लिफ्टच्या वरची गच्ची, पंपहाउस, उभ्या गाड्यांच्या खाली आणि बॉनेटमध्ये. वॉचमनला फोटो द्या आणि गाड्या सुरू करण्याआधी बॉनेटवर थाप मारायला सगळ्यांना सांगा. दिवसा हाका मारून उपयोग होत नाही. रात्री एकनंतर, वर्दळ थांबल्यावर, टॉर्च घेऊन एकट्यानेच फिरा. अंधारात आधी डोळे चमकताना दिसतात. दिसलं तर धावू नका, खाली बसा, खाण्याचा डबा हळूच वाजवा आणि हातात कॅरिअर नसेल तर पकडायचा प्रयत्न करू नका.